तिजोरी कुठे ठेवावी?

बऱ्याच घरांत एक डायरी असते. शेवटच्या पानावर ‘बँक’, ‘गॅस’, ‘लाइट बिल’ आणि पुढे पासवर्ड. एक खोडलेला, शेजारी ‘नवा’, तोही खोडलेला. मग समासात आडवं लिहिलेलं, ‘हा चालू आहे’. खाती वाढत गेली तशी डायरी पुरेनाशी झाली आणि पासवर्ड मॅनेजर आले. सगळे पासवर्ड एका तिजोरीत कुलूपबंद. आपण फक्त एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायचा. प्रश्न उरतो तो जागेचा. ही तिजोरी आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवावी की कंपनीच्या क्लाउडवर?

क्लाउड म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच नाही. २०२२ साली लास्टपास या नावाजलेल्या कंपनीकडून चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रतीच पळवल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, मास्टर पासवर्ड तर कंपनीकडेही नव्हता. पण कुणाचं खातं कोणत्या वेबसाइटवर आहे, ते पत्ते मात्र उघडे होते. शिवाय प्रत एकदा हाती आली की चोराला घाई नसते. तीनदा चुकलं म्हणून खातं बंद करणारं तिथे कुणी नाही. तुम्ही मागाहून मास्टर पासवर्ड बदललात, तरी त्याच्याकडची प्रत जुन्याच पासवर्डने उघडणार. अशा वेळी आतला एकेक पासवर्ड बदलत बसण्याला पर्याय नसतो.

मग आपलं घरच बरं? कीपास हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००३ पासून आहे. त्यात सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल तुमच्याकडेच असते. कंपनीवर दरोडा पडला तरी तुम्हाला झळ नाही. पण हार्ड डिस्क बसली आणि दुसरी प्रत काढलेली नसली, तर चोराशिवायच सगळं गेलं. कंपनीत बॅकअप घ्यायला पगारी माणसं असतात. घरी ते काम ‘या रविवारी बघू’वर ढकललं जातं.

थोडक्यात, तिकडे धास्ती चोरीची, इकडे हरवण्याची. चोरीची बातमी होते, म्हणून ती मोठी वाटते. हरवणाऱ्यांची कुठे नोंदही होत नाही. तेव्हा निवड करताना सॉफ्टवेअरच्या आधी स्वतःचा स्वभाव तपासावा. जो न चुकता बॅकअप घेतो, त्याने तिजोरी खुशाल घरी ठेवावी. चालढकल करणाऱ्याला क्लाउडच बरा.

मास्टर पासवर्डाची जबाबदारी मात्र दोघांनाही टळत नाही. मुलाचं नाव आणि जन्मसाल जोडलं की झालं, असं तिथे चालत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत, दुसरीकडे कुठेही न वापरलेले. ते कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवण्यात कमीपणा नाही. परदेशातला चोर तुमचं कपाट उघडायला येत नाही. आणि तो कागद कुठे आहे, हे घरातल्या एका माणसाला ठाऊक असावं. नाहीतर आपण नसताना घरच्यांनाच आपण चोरासारखं बाहेर उभं करतो.