आधी बोनेट उघड

दोन वर्षं मोटर मेकॅनिकच्या वर्गात माझ्यासमोर बसलास, आणि आता जिंतूरहून फोन करून सांगतोस, "सर, स्कॅनरनं सेन्सर खराब दाखवला, मी नवा टाकला, तरी चेक लाईट जाईना." स्कॅनरनं 'सेन्सर खराब' असं कुठं लिहून दाखवलं होतं? त्यानं पी०१७१ दाखवला. सेन्सर खराब हे तू ठरवलंस, बोनेट न उघडता ठरवलंस, आणि वडिलांच्या कापसाचे पैसे त्यात घातलेस. मला राग आलाय तो याचा. परक्या पोरानं हे केलं असतं तर मी बोललोही नसतो.

पी०१७१ म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. कोड इथंच संपतो, पुढचं काम मेकॅनिकचं. ऑक्सिजन सेन्सरनं ती खबर इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दिली आणि तू निरोप आणणाऱ्यालाच हाकलून दिलंस. हवा जास्त कुठून येते हे पाहिलंस का? इनटेकच्या रबरी पाइपला चीर असते, मॅनिफोल्डचं गॅस्केट बसलेलं नसतं, व्हॅक्यूमची बारीक नळी निसटलेली असते. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर उंदरानं नळी कुरतडलेली असते. पेट्रोल कमी का पडतं? पंप मंदावलेला, फिल्टर चोंदलेला, इंजेक्टर तुंबलेले. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट फुटलेला असला तरी हाच कोड येतो. इतक्या शक्यता सोडून तू महागडी वस्तू आधी बदललीस.

तुझ्याच यंत्रात लाईव्ह डेटाचं पान आहे. ते उघडून शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमचे आकडे पाहिले असतेस तर अर्धं काम तिथंच झालं असतं. शून्याच्या अल्याडपल्याड पाच-सात टक्के चालतात. अधिक वीस-पंचवीस दिसले की समजायचं, इसीयू पेट्रोल वाढवून वाढवून दमलाय. मग इंजिन आयडलिंगवर ठेवायचं आणि नंतर अडीच हजार आरपीएमवर धरायचं. आयडलिंगला आकडा मोठा आणि वेग वाढवल्यावर जवळजवळ नॉर्मल, तर हवेची गळती शोध. भार आल्यावर आकडा चढत गेला, तर फिल्टर आणि पंपाकडे वळ. हा आडाखा मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीचा. तुझी गाडी मॅप सेन्सरवर चालत असेल तर तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथं आत घुसलेली जादा हवाही मोजली जाते. आपल्या गाडीत दोहोंपैकी कुठला सेन्सर आहे, हे तरी माहीत आहे का तुला? हे पुस्तकात होतं, फळ्यावर होतं, तुझ्या वहीतही होतं.

आता तू ज्याला स्कॅनर म्हणतोस त्या डोंगलचं बोलू. पाचशे-सातशे रुपयांचं, ऑनलाइन मागवलेलं, डब्यावर 'सगळ्या गाड्यांना चालतं' आणि 'व्ही १.५' छापलेलं. असल्या डोंगलात असते ती ईएलएम३२७ ही मुळात कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, म्हणून जगभर तिच्या नकला निघाल्या. १.५ नावाची आवृत्ती त्या कंपनीनं कधी काढलीच नाही, आणि ती कंपनीही २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे डब्यावरचा आवृत्तीचा आकडाच खोटा, आणि त्यावर विसंबून तू बापाच्या गाडीचं निदान केलंस. नक्कल असूनही काही डोंगल बऱ्यापैकी काम करतात, हे मी नाकारत नाही. पण अनेकांत जुन्या गाड्यांशी बोलण्याचा भागच गाळलेला असतो. मग 'कनेक्ट होत नाही' असं दिसलं की तुम्ही पोरं म्हणता, इसीयू गेला.

जुनी गाडी म्हणजे कोणती, तेही ऐक. कोडांची ही सगळी व्यवस्था गॅरेजवाल्यांच्या सोयीसाठी जन्मलेली नाही, धुरापायी जन्मली. हवेच्या प्रदूषणानं त्रासलेल्या कॅलिफोर्नियानं १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं स्वतःची तपासणी स्वतः करावी अशी अट घातली. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सोळा पिनांचा एकच सॉकेट आणि कोडांची एकच भाषा सक्तीची झाली, तीच ओबीडी-२. आपल्याकडे ती भारत स्टेज चारच्या, म्हणजे बीएस-४ च्या, मागून आली. ते मानक २०१० मध्ये निवडक मोठ्या शहरांत लागू झालं, ओबीडी-२ त्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून लागलं, आणि देशभर बीएस-४ सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याआधी आपल्यासारख्या जिल्ह्यांत बीएस-३ गाड्या रीतसर विकल्या जात होत्या. सेलू, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर त्या आजही धावतात. त्यांतल्या काहींत सॉकेट असतो पण सामान्य स्कॅनरची भाषा नसते, आणि मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल जीपला तर इसीयूच नसतो. म्हणून स्कॅनरची जाहिरात वाचण्याआधी गाडीचं वर्ष वाचायचं. मग टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली वाकायचं आणि सॉकेटात कुठल्या पिना भरलेल्या आहेत ते पाहायचं. सहा आणि चौदा भरलेल्या असतील तर कॅन. त्या रिकाम्या आणि सात भरलेली असेल तर के-लाईन, आणि मग के-लाईन नीट बोलणारंच यंत्र हवं. या तपासणीला एक पैसा लागत नाही. तरी तू ती केली नाहीस.

आणि काय म्हणालास, गावातल्या लोकांच्या डिझेल गाड्याही त्याच डोंगलवर तपासून देतोस? पी००८७ आला, रेल प्रेशर कमी, की तू हाय प्रेशर पंप सांगणार. एखाद्या शेतकऱ्याला त्या पंपाची किंमत ऐकून गाडी विकावीशी वाटेल. खरं कारण डिझेल फिल्टर असू शकतं, टाकीतलं पाणी असू शकतं, सक्शनच्या पाइपमधून हवा ओढली जात असेल, एखादा इंजेक्टर परतीच्या नळीतून डिझेल वाया घालवत असेल. हे कळायला इसीयू किती दाब मागतोय आणि प्रत्यक्षात किती मिळतोय हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसावे लागतात. साध्या रीडरवर बहुतेक वेळा मागणीचा आकडा दिसत नाही, त्याला कंपनीचा आतला डेटा वाचणारं यंत्र लागतं. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला तर रिजनरेशन सुरू करायला इसीयूला हुकूम देणारं यंत्र लागतं. ते डोंगलच्या किमतीत येत नाही, दहा-दहा हजारांच्या हिशेबात जातं. घरच्या एका गाडीसाठी ते विकत घेणं हा मूर्खपणा आहे. ज्याच्याकडे ते आहे त्याला पैसे देऊन काम करून घ्यायचं, त्यात लाज कसली?

एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा तर तुझ्या यंत्राच्या कक्षेतच नाही. बी आणि सी मालिकेचे कोड त्याला बहुतेक गाड्यांत दिसतच नाहीत. स्कॅनर 'नो कोड' म्हणाला म्हणून एअरबॅग ठीक आहे असं कुणाला सांगशील तर माणसाच्या जिवाशी खेळशील. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही.

मल्टिमीटर निघालाच आहे तर विचारतो, बॅटरीचे व्होल्ट पाहिलेस का? डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाच्या नीचांकी तापमानाच्या नोंदी बातम्यांत झळकतात, तशा थंड सकाळी थकलेली बॅटरी सेल्फ मारताना इतकी खाली बसते की इसीयू चार ठिकाणचे खोटे कोड धरून ठेवतो. इंजिन बंद असताना साडेबाराच्या थोडं वर, चालू असताना चौदाच्या आसपास, हे दोन आकडे आधी. त्यानंतर अर्थिंगची वायर, फ्यूज, कनेक्टरातला गंज. स्कॅनरची पाळी त्याच्या नंतर. बॅटरी न तपासता कोड वाचणारा पोरगा माझ्या वर्गात नापास व्हायचा.

सगळ्यात वाईट गोष्ट तू हसत सांगितलीस. नातेवाइकाची गाडी विकायची होती, गिऱ्हाईक येण्याआधी तू कोड पुसून दिलास आणि दिवा गेला. अरे, ही फसवणूक आहे. विकत घेणाऱ्यानंही आयुष्यभराची पुंजी लावली असेल. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग किती, तापमान किती, भार किती होता याची एकुलती नोंद जाते. गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे मॉनिटरही कोऱ्या पाटीवर येतात. जाणता माणूस रेडिनेसचं पान उघडून 'इनकम्प्लीट'ची रांग बघतो आणि ओळखतो की कोड नुकताच पुसलेला आहे. उद्या तू स्वतः जुनी गाडी घ्यायला गेलास तर तुलाही हेच पान वाचवेल. म्हणून ते न दाखवणारं यंत्र घ्यायचं नाही. कोड वहीत लिहिल्याशिवाय, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय 'क्लिअर' दाबायचं नाही. आणि त्या गिऱ्हाइकाला आजच्या आज फोन करून सांग की दिवा का लागत होता.

तुझ्या पेट्रोल गाडीला काय हवं ते आता सांगतो. तिचं वर्ष आणि पिना पाहून, दोन-चार हजारांतला हातात धरायचा वायरचा स्कॅनर घे. त्यात लाईव्ह डेटा, फ्रीझ फ्रेम आणि रेडिनेस ही तीन पानं असलीच पाहिजेत. घेण्याआधी दुकानदारासमोर आपल्याच गाडीला लावून बघ, ऑनलाइन घेणार असशील तर परत करता येतो याची खात्री कर. रंगीत पडदा आणि हजारो कोडांची यादी यांना भुलू नकोस. फोनला जोडायचंच यंत्र हवं असेल तर ज्याची जुळणी तुझ्या मॉडेलवर कुणीतरी करून पाहिली आहे तेच घे, आणि काम झालं की काढून ठेव, कारण सोळा नंबरच्या पिनेला चावी बंद असतानाही करंट असतो आणि बॅटरी उतरते. त्यासोबत एक चांगला मल्टिमीटर आणि गाडीचं वायरिंग डायग्राम. इनटेकची नळी तपासून फ्युएल ट्रिमचे दोन्ही आकडे मला लिहून पाठव. तोवर गावातल्या एकाही गाडीला हात लावायचा नाही.