मेलचा मुक्काम हलतो तेव्हा

संगणकाचा सी ड्राइव्ह भरत आला की कार्यालयातल्या जाणत्या माणसाला एक किरकोळ काम सांगितले जाते. आउटलुक बंद करायचे, डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरातली पीएसटी फाइल उचलून डी ड्राइव्हवर ठेवायची आणि आउटलुक पुन्हा उघडायचे. ते लगेच कुरकुर करते, फाइल सापडत नाही म्हणते. नवी जागा दाखवली की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, जोडलेल्या कागदपत्रांसकट, होता तसा समोर येतो. मेल तिकडे गेले, असे सगळे म्हणतात. पण गेले नेमके काय? फाइल त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात टाकली, तर पंधरा जीबीचे ओझेसुद्धा पापणी लवायच्या आत हलते. कारण डिस्कवरचा एकही बाइट जागचा हललेला नसतो. कोणती फाइल कुठल्या फोल्डरात, या नोंदीतली एक ओळ तेवढी बदलते. दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली तर हिरवी पट्टी रखडत पुढे सरकते, पण तेव्हाही इकडचे तिकडे काही जात नाही. तिकडे नवे बाइट लिहिले जातात, मग इकडची नोंद पुसली जाते. जुने बाइट त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा तिथेच पडून असतात. पुसलेला डेटा परत मिळवून देणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. एका प्रकारात वस्तू हललीच नाही, दुसऱ्यात ती नव्याने घडली. प्रवास कुणीच केला नाही, तरी मेल पोचले.

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी आत्मा नाकारणारा धम्म स्वीकारला, त्या नागपुरात हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहू नये. आत्मा नसेल तर पुनर्जन्म कुणाचा, ही बौद्ध विचारावरची सर्वात जुनी हरकत आहे. गीतेचे उत्तर मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे: देह वस्त्रासारखा, आणि वस्त्रे बदलणारा तोच. मिलिंदपञ्हात यवन राजा मिनँडर हाच प्रश्न भिक्षू नागसेनाला विचारतो. नागसेन म्हणतो, पलीकडे काही जात नाही, तरी पलीकडचे इकडच्यामुळेच घडते. शिष्याने गुरूकडून श्लोक पाठ केला म्हणजे तो श्लोक गुरूच्या ओठांवरून उठून शिष्याच्या ओठांवर जात नाही. राजाला हे शब्दांचे चाळे वाटले असते तर नवल नव्हते. आज मात्र हिरव्या पट्टीमागे घडते ते याच वर्णनात बसते, वस्त्राच्या वर्णनात बसत नाही. माझे म्हणणे एवढेच: सातत्य टिकायला कुणीतरी प्रवासी लागतोच, हे गृहीतक चूक आहे. सातत्य म्हणजे कार्यकारणाची साखळी, आणि ज्याला सातत्यावर हक्क सांगायचा असेल त्याने ती साखळी दाखवली पाहिजे.

यावर जाणकार वेदान्ती म्हणेल, बाइट नवे असतील, पण त्यांचा आकृतिबंध तोच आहे. तो अक्षर, अविकारी आकृतिबंध हाच मेलचा आत्मा. हरकत वजनदार आहे, आणि तिला पुरावाही आहे. फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने निघणारा ठसा, काढले तर सी ड्राइव्हवर आणि डी ड्राइव्हवर ते अक्षरशः एकच येते; जागेचा त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. पण हॅश ‘फरक नाही’ एवढेच सांगतो, ‘हीच ती’ असे सांगू शकत नाही. कट करण्याऐवजी कॉपी केली तर सारख्या हॅशच्या दोन फायली उभ्या राहतात. आत्मा एक होता, तो आता कोणत्या फाइलीत? दोन्हीत म्हणावे तर उद्या एकीत नवा मेल येईल, दुसरीत येणार नाही, आणि दोघी आपापल्या वाटेने जातील. शिवाय आउटलुकने पीएसटी नुसती उघडली, एकही पत्र वाचले नाही, तरी ते फाइलीत काहीबाही लिहिते आणि हॅश बदलतो. अविकारी म्हणून ज्याच्यावर बोट ठेवले ते उघडताक्षणी विकार पावते. सगळे क्षणोक्षणी बदलते म्हणणाऱ्या क्षणिकवादाला याहून चांगले उदाहरण बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीलाही मिळाले नसते.

विदर्भाच्या वाङ्मयात या दुफाट्याचा मोठा दाखला आहे. माहीमभट्टांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रिद्धपूरच्या परिसरात, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांना विचारून विचारून, लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकारंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली. मग अनुयायांनी ते पुन्हा उभे केले ते पाठांतरातून, आणि आठवणारे अनेक असल्याने पाठही अनेक झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी वेगवेगळ्या पोथ्या पडताळून १९७८ साली आपली संपादित आवृत्ती दिली. आज हातात असलेले लीळाचरित्र माहीमभट्टांचेच का? ‘नाही’ म्हणायला कुणी धजणार नाही. शब्द न् शब्द तोच आहे, असेही कुणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही. नागसेनाने मुलाबद्दल आणि त्याच्यातूनच वाढलेल्या पुरुषाबद्दल नेमके हेच म्हटले होते: तोच नव्हे, दुसराही नव्हे. यात एक गंमत आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव हा नित्य पदार्थ. पण त्याच पंथाला आपला आद्य ग्रंथ राखताना बौद्धांच्या तऱ्हेने राखावा लागला, एका स्मृतीने दुसरी स्मृती पेटवून. (पुढे महानुभावांनी पोथ्या सकळसारख्या गुप्त लिप्यांत घातल्या, तेव्हा अक्षरे शाबूत राहूनही किल्ली नसलेल्याला ती बंदच होती. पीएसटी वाचू शकणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय पीएसटीची तीच गत.) अर्थात फाइलीला सुखदुःख नाही आणि पोथीलाही नाही, तेव्हा जाणिवेचा प्रश्न यातून सुटला, किंवा आत्मा नाही हे सिद्ध झाले, असा दावा मी करत नाही. काही टिकले म्हणजे काहीतरी पलीकडे गेलेच असले पाहिजे, हा आत्म्याच्या बाजूचा सर्वात लाडका युक्तिवाद तेवढा निकामी होतो.

दुसरी हरकत नागपूरकराला अधिक जवळची. जागा इतकी गौण असेल तर अशोक विजयादशमीला, १९५६ चा तो धम्मस्वीकार जिथे झाला त्या दीक्षाभूमीवर, माणसांची रीघ का लागते? गावोगावी बुद्धविहार आहेत, तिथे वंदना होतेच. या हरकतीत तथ्य आहे आणि मेलचे प्रोग्रॅमही तिला दुजोरा देतात. थंडरबर्डचा सगळा संसार एका प्रोफाइल फोल्डरात असतो आणि तो फोल्डर कुठे आहे हे ‘प्रोफाइल्स.आयएनआय’ नावाच्या चिमुकल्या फाइलीत लिहिलेले असते. फोल्डर हलवला आणि ही ओळ बदलली नाही, तर एकही पत्र नष्ट झालेले नसताना सगळी पत्रे हरवतात. जागेचे मोल असते, पण ते जागेच्या पोटात नसते. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींत असते. दीक्षाभूमीवरचा आजचा भव्य स्तूप १९५६ मध्ये नव्हता, त्याचे उद्घाटन २००१ चे. तेव्हाचे मैदान आज डोळ्यांना दिसत नाही. तरी माणसे येतात ती तिथेच, कारण घराघरांतल्या आजी-आजोबांच्या आठवणी, लग्नपत्रिकांवरची चित्रे, बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाग लोकांचा हवाला देऊन सांगितलेले नागपूर निवडण्याचे कारण, हे सगळे त्या एका पत्त्याकडे बोट दाखवते. आणि फाइलीत व घटनेत फरकही आहेच. फाइल पुन्हा लिहिता येते. घडून गेलेल्या घटनेची कॉपी निघत नाही, म्हणून तिचा पत्ता बदलायची सोय नाही.

सगळ्यात बोचरी हरकत जबाबदारीची. काही पलीकडे जात नसेल तर आपल्या कर्माला उत्तरदायी कोण? नागसेनाचे उत्तर आंबेचोराचे आहे: तुम्ही पेरला तो आंबा वेगळा आणि मी तोडला तो वेगळा, असे म्हणून चोर सुटत नाही, कारण तोडलेला आंबा पेरलेल्यातूनच आला. आपले न्यायालय हेच अधिक काटेकोरपणे म्हणते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल स्पष्ट केले, की मूळ यंत्रच मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. त्यातल्या मजकुराची प्रत दाखल करायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी निघाली याचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात तर हॅश मूल्यही लिहावे लागते. प्रत आहे म्हणून कायदा तिला झिडकारत नाही आणि हुबेहूब दिसते म्हणून डोळे मिटून स्वीकारतही नाही. तो साखळी मागतो.

बाबासाहेबांनी कर्मसिद्धान्ताला विचारले ते हेच. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये ते पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कुणाचा हे प्रश्न वेगळे करतात, आणि गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून या जन्मीची हीन स्थिती, ही कल्पना बुद्धाच्या माथी मारू देत नाहीत. कोणी म्हणेल, नागसेन तर जन्मोजन्मीचे कर्म मानत होता, मग त्याचा अर्धाच युक्तिवाद उचलणे सोयीचे नाही का? माझ्या मते आंबेडकर त्याच युक्तिवादाला शेवटपर्यंत नेतात. आंब्याच्या बाबतीत कोय, रोप, झाड, फळ अशी प्रत्येक कडी डोळ्यांसमोर ठेवता येते. अमक्या वस्तीत जन्मलेल्या मुलाने गेल्या जन्मी काय केले, याची एकही कडी कुणी कधी हजर केलेली नाही. नुसता निकाल सुनावला, तोही निकालाचा फायदा ज्यांना होता त्यांनीच. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत आपला नवा जन्म होत असल्याची एक प्रतिज्ञा आहे, ती या उजेडात वाचावी. तिथे देह तोच, घर तेच, नावही बहुधा तेच; फाइल जागची हललेली नाही. १४ ऑक्टोबरला ती म्हणणाऱ्याने १३ तारखेला कुणाकडून उसने घेतले असेल, तर १५ तारखेला ते फेडणे त्याच्यावर बंधनकारकच होते, कारण ती साखळी कुणालाही दाखवता येत होती. गेल्या जन्मीचे म्हणून जे त्याच्या खाती पिढ्यान्‌पिढ्या मांडले जात होते, त्याची मूळ नोंद कुणापाशीच नव्हती, आणि ते देणे त्याने फेटाळले.