युक्त आहार : व्रताचे खरे अंग

उपवास म्हणजे ईश्वराच्या सन्निध वास करणे. परंतु पहाटे रिकाम्या पोटी चहा, दुपारपर्यंत निरशन आणि मग साबुदाण्याचे वडे व खिचडी भरपेट, असा उपवास घडला म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. रात्री भक्तनिवासात पाठ टेकताच छातीत जळजळ सुरू होते, आंबट पाणी घशाशी येते आणि नामस्मरणात चित्त लागत नाही.

अन्ननलिका व जठर यांच्या संधीवर झडपेसारखी रचना असते. पोट तुडुंब भरले अथवा जेवताक्षणी आडवे झाले, की जठरातील आम्ल तेथून वर चढते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन व अनशन ही दोन्ही टोके योगाला बाधक सांगितली आहेत; देहाचाही अनुभव तोच आहे.

यास्तव भाविकाने थोडी भूक राखून, सावकाश चावून महाप्रसाद ग्रहण करावा. तळलेले, तिखट पदार्थ व चहा बेताने घ्यावा. तंबाखू वर्ज्य करावी. रात्रीचे भोजन व निद्रा यांत २ ते ३ तासांचे अंतर ठेवावे. रात्री त्रास होत असल्यास पलंगाची उशाकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावे.

मात्र छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल किंवा धाप लागत असेल, तर ते पित्त समजून स्वस्थ बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

जिव्हेवर संयम आला, की देवासाठी केलेले व्रत देहालाही फळते.