डोपिंगमध्ये येत नाही ना?

मुरबाडला माझं औषधांचं दुकान आहे. भातकापणी उरकली की सिद्धगडाच्या पायथ्यापासून पार शहापूरपर्यंत रात्रीच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात आणि दुकानात एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो. "काका, ही गोळी डोपिंगमध्ये येत नाही ना?" पूर्वी असं कोणी विचारत नसे. 2014 साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली, आपल्यासारख्याच घरातल्या पोरांवर लाखांच्या बोली लागल्या आणि खेळावर पोट भरता येतं हे इथल्या मुलांना दिसलं. डोपिंग हा शब्दही त्याच वाटेनं गावात आला.

गेल्या हंगामात गडाकडच्या एका वाडीतला रेडर आला होता. उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज कसंबसं गुंडाळलेलं, अंगाला स्प्रेचा वास, आणि सूज इतकी की गुडघ्याची वाटी कुठं आहे ते कळत नव्हतं. पायरी चढताना त्यानं शटरची पट्टी धरली. बरोबर संघाचा माणूस होता. त्यानं वहीच्या फाडलेल्या पानावर डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनचं नाव लिहून आणलं होतं. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. "डोपिंगमध्ये नाय ना येत? मग?" तो म्हणाला. पोरगा काहीच बोलला नाही.

त्या "मग?"चं उत्तर मला द्यायचं आहे.

डायक्लोफिनॅक बंदीच्या यादीत नाही, हे खरं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, नवी यादी दरवर्षी 1 जानेवारीला लागू होते. औषधामुळे कामगिरी वाढू शकते का, तब्येतीला धोका आहे का, खेळाच्या वृत्तीला ते सोडून आहे का, अशा तीन कसोट्यांपैकी दोन लागू पडल्या तर त्याचा विचार होतो. ही यादी हवीच. पण ती सामना बरोबरीचा व्हावा म्हणून केलेली आहे, आणि ती बदलत असते. कॅफिन 2004 साली यादीतून निघालं. ट्रॅमाडोल हे जबर वेदनाशामक 31 डिसेंबर 2023पर्यंत कबड्डीपटूला चालत होतं, दुसऱ्या दिवसापासून स्पर्धेच्या काळात ते निषिद्ध झालं. एका रात्रीत गोळी बदलली नाही, घेणाऱ्याचं मनही बदललं नाही. डायक्लोफिनॅकचंच घ्या. हे औषध गुरांना सर्रास दिलं जाई, कायद्यानं मोकळं होतं. मेलेलं ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडं बघता बघता विरळ झाली, आणि जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती 2006 साली. परवानगी म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे, हे आमच्या डोंगराला फार महागात कळलं आहे.

उलट बाजूही पाहा. विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ. 22 फेब्रुवारी 2019 रोजी इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधात ते असतं, मी रोज विकतो. खोकल्यासाठी दुकानातून औषध घेतलं, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळानं मान्य केला आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. नियम म्हणून ते योग्यच होतं, काय पोटात जातंय याची जबाबदारी खेळाडूचीच असते. पण नीतीच्या तराजूत पाहिलं तर खोकला थांबवू पाहणारा अपराधी ठरतो आणि फाटलेल्या गुडघ्यावर इंजेक्शन मारून उतरणारा, किंवा उतरवला जाणारा, स्वच्छ.

आमच्याकडे याची दोन उत्तरं चटकन दिली जातात. पहिलं, औषधाला हातच लावू नये, खेळ अंगच्या ताकदीवर खेळावा. हे मला मुळीच पटत नाही. दम्याच्या पोरानं साल्ब्युटामॉलचा पंप घेतला तर तो कोणाला फसवतो? त्याची आखडलेली श्वासनलिका फक्त इतरांइतकी उघडते. वाडानंही चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून त्याला मोकळीक दिली आहे. औषधाला कमीपणा मानणं आपल्या शास्त्रातही नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धी कशानं मिळतात ते सांगितलं आहे, त्यात जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्या ओळीत औषधी आहे. जन्मानं मिळालेली ताकद, औषधानं आलेली ताकद आणि तपानं कमावलेली ताकद त्यांनी एकाच पंगतीला बसवली. मात्र त्याआधी, तिसऱ्या पादात, या सिद्धी समाधीच्या आड येतात असा इशाराही देऊन ठेवला. औषधाचं काम होतं यात त्यांना शंका नाही. मिळालेल्या बळाचं माणूस काय करतो, याची चिंता त्यांना अधिक आहे.

दुसरं उत्तर मला जास्त घातक वाटतं. दुखणं अंगावर काढणं हेच तप, असं माइकवरून सांगितलं जातं. "गावाच्या इज्जतीसाठी पोरगं एका पायावर खेळतंय!" टाळ्या पडतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार आहेत. हट्टानं स्वतःच्या देहाला पीडा देऊन केलेलं तप तिथं तामस म्हटलं आहे. देहातल्या भूतांना आणि आत वसणाऱ्याला छळणाऱ्यांचा निश्चय आसुरी, इतक्या कडक शब्दांत भगवंत बोलतात. माझ्यापुरतं मी हे शास्त्रवचन सरळ गुडघ्याला लावतो. वेदना ही शरीरानं दिलेली खबर आहे. डायक्लोफिनॅक सूज थोडी उतरवतं, पण फाटलेला लिगामेंट सांधत नाही. खबर तेवढी बंद होते. मग चढाईत पाय वळतो तेव्हा थांबायला सांगणारं आत कोणी उरत नाही. जठराला व्रण, पाणी कमी प्यायलेल्या अंगात मूत्रपिंडावर ताण, हे वेगळंच. 2010च्या फुटबॉल विश्वचषकात दहातले जवळपास चार खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते, असं फिफाच्याच डॉक्टरांनी सांगितलं आहे. जगातली सर्वांत श्रीमंत मैदानंही यातून सुटलेली नाहीत.

इथं एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण सिद्धगडाच्या मुलखात राहून तो टाळता येत नाही. 2 जानेवारी 1943 रोजी याच गडाच्या जंगलात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. दरवर्षी त्या दिवशी आम्ही तिथं जातो. देह झोकून देणं तामस असेल तर त्यांना काय म्हणायचं? भाई कोतवाल वकील होते, तिशीचे होते. विजेचे मनोरे पाडताना पुढं काय वाढून ठेवलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून दिलं, कोणी त्यांना भूल देऊन पुढं केलं नाही. देह पणाला लावणं हा अधर्म नाहीच. देणाऱ्याला काय देतोय ते कळलं पाहिजे आणि नाही म्हणायची मुभा असली पाहिजे. स्पर्धेच्या माइकवरून हौतात्म्याची भाषा ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हणून परवानगी असलेल्या औषधाबद्दल मी दोन गोष्टी विचारतो. हे औषध त्या शरीराला बरं करतं, की बरं नसताना कामाला जुंपतं? आणि ते घ्यायचं कोणी ठरवलं? त्या रात्री ते वहीचं पान संघाच्या माणसाच्या हातात होतं आणि गुडघा पोराचा होता. माझं उत्तर त्यातच आहे.

पण पोराला नुसतं "खेळू नकोस" सांगून भागत नाही. एका रात्रीचं मानधन म्हणजे त्याच्या घरी खताच्या गोण्या आणि बहिणीची फी. बसला तर पैसे बुडतात, पुढच्या स्पर्धेला दुसरा रेडर येतो. अशा वेळी तो स्वखुशीनं घेतो म्हणणं खोटं आहे. यंदा तालुक्यातल्या काही मंडळांपुढं मी दोन मागण्या ठेवल्या आहेत. मैदानावर डॉक्टर संघांचा नको, मंडळाचा हवा, आणि दुखापत झालेला खेळाडू परत उतरेल की नाही हे त्या डॉक्टरनंच ठरवावं. आणि डॉक्टरांनी बसवलेल्या खेळाडूला ठरलेलं मानधन पुरं मिळावं, एक रुपया कमी नाही. डॉक्टरांचं बहुतेकांनी मान्य केलं. मानधनावर गाडी अडली आहे. "मग सगळीच पोरं बसून पैसे घेतील," असं एक पदाधिकारी म्हणाले. दिवसभर भाताचे भारे वाहून रात्री आठला वॉर्मअपला हजर राहणारी ही पोरं आहेत. खेळायला मिळावं म्हणून ती फुकटही आली असती. त्यांच्याबद्दल असं बोलू नये, एवढं मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं.