हक्काचा तराजू

नवी नोकरी, नवा निकाह आणि घराची डागडुजी एकाच वर्षी आली तर वेळ कोणाला द्यावा? दिवसाचे तीन सारखे वाटे केले की समतोल साधला, असे आपण समजतो. सूरह रहमानमध्ये मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे. पण तराजू सारखे वाटे करीत नाही, ज्याचे त्याचे वजन दाखवतो.

समजा, नोकरी संग्रहालयातली आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जपलेल्या आहेत. जुने कागद-कापड उजेडाने विटते, म्हणून संग्रहालये त्यावरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच ठेवतात. अशा कामाचा पगार घेतला की कामाचे तास अमानत होतात. त्यांत घरची कामे उरकणे ही खियानतच.

पण उरलेल्या वेळाचे काय? हजरत अबू दरदा इबादतीत इतके गढून गेले, की पत्नीचा आणि स्वतःच्या देहाचा हक्क मागे पडला. हजरत सलमान फारसी यांनी त्यांना ते समजावले आणि पैगंबरांनी (स.) सलमान यांचेच म्हणणे खरे ठरवले. इबादतीलाही मर्यादा असेल, तर रंग-फरशीला का नसावी?

गळके छप्पर पावसाआधी नीट व्हायलाच हवे. पाहुण्यांना दाखवायची फरशी मात्र थांबू शकते. तिच्यासाठी कर्ज काढायचे, ते फेडायला जादा काम करायचे आणि नव्या जोडीदाराला रोज उरलासुरला तास द्यायचा, याला आम्ही संसार म्हणणार नाही. वस्तू वाट पाहतात. माणसाचा हक्क त्या त्या दिवशीच द्यावा लागतो.