प्रार्थना कीटक आणि पहिले शील



अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी काहींना कीटक पाळण्याची आवड लागते. त्यात प्रार्थना कीटक, म्हणजेच प्रेइंग मँटिस, त्यांना विशेष भावतो. पुढचे पाय जोडून बसतो, मान वळवून आपल्याकडे पाहतो. त्याचे अंडकोष इथे बागकामाच्या दुकानांतही मिळतात, आणि एका कोषातून शंभराहून अधिक पिल्ले निघू शकतात. उद्या तुमच्या मुलाने हट्ट धरला, तर पंचशील घेतलेल्या घराने काय उत्तर द्यावे?

अडचण त्याच्या खाण्याची आहे. हा कीटक हलणारी, जिवंत शिकार पकडून खातो. पिल्लू असताना त्याला फळांवरची चिलटे लागतात, मोठा झाल्यावर दुकानातून आणलेले रातकिडे. म्हणजे त्याला जगवायचे तर दर दोन-चार दिवसांनी आपल्या हाताने एक जीव त्याच्यापुढे टाकायचा.

यात मँटिसचा दोष नाही. बागेत तो मधमाश्या, फुलपाखरे खातो, क्वचित हमिंगबर्डही धरतो. ती त्याची भूक आहे. बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. पण झाकण उघडून रातकिडा आत सोडणारा माणूस हेतूनेच सोडतो. बागेत त्या रातकिड्याला उडी मारून निसटता आले असते. डब्यात ती वाट आपण बंद केलेली असते. म्हणून ‘निसर्गाचा नियमच आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आम्ही संगणकवाले नियमांच्या भाषेत विचार करतो: ही अट पुरी झाली, की हे उत्तर. तत्त्व तसे चालत नाही. ते प्रत्येक वेळी विचारायला लावते, इथे गरज कोणाची? रातकिडा खाणे ही मँटिसची गरज आहे. मँटिस डब्यात ठेवणे ही मात्र आपली हौस आहे.

तुम्ही म्हणाल, आपण कोंबडी खातो, डास मारतो, मग एका रातकिड्याचे एवढे काय? प्रश्न रास्त आहे. पण एका ठिकाणी केलेली तडजोड दुसऱ्या ठिकाणचा परवाना होत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आणि त्यांचे लालनपालन आहे. त्या प्राणिमात्रांत खाऊ म्हणून आणलेला रातकिडाही येतो. खरे तर अशा घरात पाळीव कीटक दोन प्रकारचे असतात, आणि दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणून माझे मत असे. केवळ हौसेखातर मँटिस विकत आणू नये. शाळेच्या अभ्यासासाठी किंवा अन्य कारणाने तो घरी आलाच, तर नीट सांभाळावा. तो उलटा लटकून कात टाकतो, म्हणून डबा त्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंच हवा आणि वर जाळी हवी. पाण्याचा हलका फवारा द्यावा. एका डब्यात एकच ठेवावा, नाहीतर ते एकमेकांना खातात. रातकिड्यांनाही अन्न, ओलावा आणि लपायला जागा द्यावी. गरजेपेक्षा जास्त आणू नयेत. मँटिसने न खाल्लेला रातकिडा बाहेर काढावा. कात टाकणाऱ्या मँटिसला तो चावतो.

उरलेली पिल्ले बागेत सोडणे हेही पुण्यकर्म समजू नका. दुकानात बहुधा चिनी मँटिस मिळतो. तो 1896 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या परिसरात आला आणि पसरला. इथल्या मूळच्या कॅरोलिना मँटिसलाही तो खातो.

त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन बागेत जा. झुडपावर बसलेला मँटिस शोधा आणि तासभर शांतपणे पाहा. त्याने शिकार धरली तर तेही पाहू द्या, मुलांपासून लपवू नका. तिथे भूक त्याची असेल, आणि समोरच्या जिवाला पळायला वाट असेल.

भवतु सब्ब मंगलं!