रेषेवरचा चेंडू

कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे जुने तत्त्व. राज्यशासनाच्या सेवेत ते पाळणे आम्हांस कधी जड गेले नाही. फाईलवर नात्यातले नाव दिसले की ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाची, एवढेच. निवृत्तीनंतर मात्र एका खेळाने हे तत्त्व उलटे करून आमच्यापुढे ठेवले.

तो खेळ पिकलबॉल. १९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर तो सुरू झाला. भारतात तो रुजविण्यात मुंबईच्या सुनील वालावलकर यांचा पुढाकार. मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्याएवढेच. (त्या बॅडमिंटनला इंग्रज अधिकारी एके काळी ‘पूना’ म्हणत, हे आपल्या मंडळींना सुखावणारे.) छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू, हाती लहानशी फळी, धावपळ बेताची. साठी उलटलेल्यांनाही जमेल अशा समजुतीने आम्ही गौलीगुड्यातले दोघे शेजारी शनिवार-रविवारच्या शिबिरास गेलो.

हौशी खेळाडूंच्या सामन्यात पंच नसतो. आपल्या बाजूस पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगावयाचे. स्पष्टपणे बाहेर दिसला नाही, तर तो आत. दोघा जोडीदारांत मतभेद झाला, तर तो मतभेद हीच शंका, आणि चेंडू आत. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे तो प्रतिपक्षाला, कारण न्यायाधीश स्वतःच पक्षकार आहे.

नियम वाचावयास सोपा. मैदानात उतरल्यावर कळते की खोटे बोलण्याचा मोह ही खरी अडचण नव्हेच. तसे कोणी केले तर लहानपणीही आपण ‘रडीचा डाव’ म्हणून मोकळे होत असू. येथला प्रकार सूक्ष्म आहे. चेंडू टेकण्यापूर्वीच तो बाहेर जावा ही इच्छा मनात उभी असते, आणि डोळा तिच्या आडून पाहतो. मग चेंडू खरोखरच बाहेर दिसतो! याला लबाडी म्हणावे काय? लबाडी करणाऱ्यास आपली लबाडी ठाऊक असते. येथे तर मनुष्य शपथेवर सांगेल. म्हणजे हा नियम खरे बोलण्यापेक्षा अधिक काही मागतो. स्वतःच्या खात्रीविषयीच थोडा संशय बाळगा, असे तो म्हणतो. कचेरीत बढतीचा लोभ असे, तो निदान ओळखू येई. ११ गुणांच्या बिनबक्षिसी डावात हा लोभ कसला, ते आम्हांस अजून उमगलेले नाही.

दुसऱ्या दिवशी याचेच दुसरे टोक दिसले. सर्व्हिस आमची होती. आमचा फटका पलीकडे रेषेबाहेर बोटभर पडला. आम्हांस तो स्वच्छ दिसला. समोरचा पंचविशीतला तरुण म्हणाला, “आत, अंकल!” त्याला शंका आली असेल, तर त्याने नियम पाळला. पण पांढऱ्या केसांकडे पाहून तो तसे म्हणाला असेल, तर त्याने आम्हांस खेळातून उठवून पाहुण्यासारखे पाटावर बसविले. सोंगट्यांच्या डावात आपल्या घरोघरी आजोबांना असेच जिंकू दिले जाई. त्यांना ते कसे वाटत असे, हे कोणी विचारीत नसे.

आम्ही म्हणालो, “बाहेर होता.” तो हसून म्हणाला, “आमच्या बाजूचा निर्णय आमचा.” गुण आमच्या नावावर पडला.